गोळी धरत नाही

पन्हाळ्याच्या पायथ्याला माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं. थंडीच्या दिवसांत सुट्टी काढून आम्ही तिथे जायचो आणि चुलवाणाच्या उबेला बसून रात्री उशिरापर्यंत गुळाचं काम बघायचो. त्यातली एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. काहिलीतला रस उकळून मळी काढून झाली होती, भेंडीचा चिकट रस घालून झाला होता, पाक घट्ट होत आला होता. गुळवे तात्या पितळेच्या थाळीत गार पाणी घेऊन आले, थोडा पाक त्यात टाकला आणि पाण्यातच दोन बोटांनी वळायला लागले. एरवी या वेळी त्यांच्या बोटांत लिमलेटच्या गोळीएवढी गोळी फिरायची आणि थाळीच्या कडेवर आपटली की टणकन आवाज यायचा. त्या रात्री बोटं फिरत राहिली आणि पाक बोटांना चिकटून तारेसारखा ओघळत राहिला. तात्या म्हणाले, “गोळी धरंना आण्णा.” मामांनी एवढंच विचारलं, “वड्याकडचा ऊस हाय व्हय ह्यो?”

ओढ्याकडच्या तुकड्यात त्या वर्षी मर लागली होती. बाहेर पडलेलं एक कांडं मामांनी उभं चिरून दाखवलं. गाभा पांढरा असायचा तो तांबूस झालेला, मधे होडीच्या आकाराची पोकळी. मला कळेना. मी त्याच उसाचा रस संध्याकाळी वाटीभर प्यायलो होतो. थोडा आंबूस वास होता, पण रस गोड होता. रस गोड आहे तर गूळ का होत नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला पुढे पुष्कळ वर्षांनी मिळालं, आणि ते ‘गूळ’ या शब्दातच होतं. संस्कृत ‘गुड’ या शब्दाचा एक अर्थ गोळा, चेंडू. म्हणजे तात्या थाळीत जे करत होते तेच गुळाचं नाव आहे. ज्याचा गोळा होतो तो गूळ. ‘साखर’ घ्या. तिचं मूळ ‘शर्करा’, आणि शर्करा म्हणजे आधी खडी, वाळूचे खरबरीत कण. प्राकृतात ‘सक्करा’ आणि मराठीत साखर. खडीसाखरेत तोच अर्थ आपण नकळत दोनदा सांगतो. ‘खांड’ आणि ‘खांडसरी’ यांच्यामागे ‘खंड’ आहे, तुकडा. इंग्रजांच्या मुलांच्या तोंडातली ‘कँडी’ही अरबी-फारसीतून जाऊन शेवटी याच खंडाची. आपल्या लोकांनी उसाच्या रसापासून केलेल्या तीन मोठ्या पदार्थांना तीन नावं दिली: गोळा, खडा, तुकडा. एकाही नावात गोडी नाही. तिन्ही नावं घट्ट होण्याची आहेत. रस गोड असतोच, त्यात नवल नव्हतं. पातळ रसाचा हातात धरता येईल असा पदार्थ व्हावा, महिनोन्‌महिने टिकावा, बैलगाडीतून बाजाराला जावा, हे नवल होतं.

मर हा बुरशीचा रोग, आणि बुरशी उसातून नेमकं हेच काढून घेते. गोडी ती पुष्कळ काळ शिल्लक ठेवते, गोळा आधी नेते.

आता हे घडतं कसं ते सांगायला एक परका शब्द घ्यावा लागेल, पण तोही मोठा सुंदर आहे. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. तिचा एक रेणू दोन लहान शर्करा हातात हात घालून उभ्या असाव्यात तसा असतो: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे हात धरलेले आहेत तोवर साखरेचे रेणू एकावर एक नीट रचले जातात आणि खडा बनतो. उसाला मरीसारखाच लाल कूज हा रोग झाला की बुरशी ‘इन्व्हर्टेज’ नावाचं विकर सोडते आणि ते पाण्याच्या मदतीने हे हात सोडवतं. रसात आता सुक्रोज कमी आणि सुट्या ग्लुकोज-फ्रुक्टोजची गर्दी जास्त. ही सुटी मंडळी नुसती स्वतः जमत नाहीत असं नाही, उरलेल्या सुक्रोजच्या रचनेतही मधेमधे घुसून तिला जमू देत नाहीत. गुलाबजामाच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते याचसाठी. लिंबाच्या आंबटपणाने थोडी साखर अशीच फुटते आणि पाक दुसऱ्या दिवशी खडे धरत नाही. स्वयंपाकघरात आपल्याला जे हवं असतं, तेच गुऱ्हाळावर घात करतं.

इन्व्हर्टेज म्हणजे ‘उलटवणारं’. काय उलटतं? प्रकाश. सुक्रोजच्या पाण्यातून ध्रुवित प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो; शास्त्रज्ञांच्या मापात साधारण ६६.५ अंश. ग्लुकोजही उजवीकडे वळवतं, ५२.७ अंश. पण फ्रुक्टोज डावीकडे वळवतं आणि तेही जोरात, जवळजवळ ९२ अंश. दोन्ही सम प्रमाणात सुटी झाली की डावीकडची ओढ जिंकते आणि सगळा रस उणे २० अंशांच्या आसपास येतो. उजवं होतं ते डावं झालं. १८३०च्या दशकात फ्रान्समध्ये बियो या भौतिकशास्त्रज्ञाने हे उलटणं पाहिलं, आणि त्यावरून फुटलेल्या साखरेचं ‘इन्व्हर्ट शुगर’ हे नाव पडलं. पुढे १८६०मध्ये रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांनी यीस्टमधून हे विकर वेगळं काढलं. मराठीत आपण म्हणतो, दुखणं जिवावर उलटलं. औषध उलटतं, डाव उलटतो. उसाच्या दुखण्यात साखर उलटते, आणि हे उलटणं नळीतून डोळ्याने मोजता येतं.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज ते मोजतातही. तिथले दोन शब्द ऊसपट्ट्यातल्या पुष्कळांच्या कानावर पडलेले असतात, ‘ब्रिक्स’ आणि ‘पोल’. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं एकूण सगळं किती. हे नाव आडोल्फ ब्रिक्स या जर्मन गणितज्ञाचं. पोल म्हणजे प्रकाश किती वळला त्यावरून ठरवलेली साखर. ‘पोलरायझेशन’चं तोडलेलं रूप. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणलं की ‘शुद्धता’ निघते. निरोगी, पक्व उसात हे दोन आकडे एकमेकांना धरून चालतात. रोगट उसात ब्रिक्स फसवतो. सुटी झालेली शर्करा रसात विरघळलेलीच असते, म्हणून ब्रिक्समापी तीही मोजून दाखवतो. पोल मात्र घसरलेला असतो. ब्रिक्समापी जी चूक करतो तीच माझ्या जिभेने त्या संध्याकाळी केली होती. तिने गोडी मोजली, जमण्याची ताकद मोजली नाही. ती तात्यांच्या दोन बोटांनी मोजली.

अशा रसाचा गूळ कसाबसा ढेपेत बसवलाच तर तो पावसाळ्यात ‘पाघळतो’. सुट्या शर्करा हवेतलं पाणी ओढून घेतात, ढेपेला पाझर फुटतो, तरटाचं पोतं ओलं होतं. पाघळणे हा शब्द मराठीत माणसाच्या मनालाही लावतात, पण गुळाच्या अडतीत तो पैशांचा शब्द आहे.

मग प्रश्न येतो तांबड्या रंगाचा. कांडं चिरलं की आधी दिसतो तो रंग. लाल कुजीत तर गाभा लालभडक होतो आणि त्या लालीत आडवे पांढरे पट्टे दिसतात. शेतकऱ्यांना रोग ओळखायला ती एक खूण पुरते. हा रोग उत्तर भारतात आणि पूर्व किनाऱ्याच्या ऊसपट्ट्यांत फार नुकसान करत आला आहे. हिंदीत त्याला ‘लाल सड़न’ म्हणतात. मराठी पुस्तकांत कुठे ‘लाल कूज’, कुठे ‘लाल सड’ लिहितात. जावामध्ये वेंट या डच शास्त्रज्ञाने १८९३मध्ये त्यावर लिहिलं तेव्हा डच नाव होतं ‘रोट स्नॉट’. रोट म्हणजे तांबडा आणि स्नॉट म्हणजे शेंबूड. नाव ओंगळ, पण पाहणाऱ्याने नीट पाहिलं होतं. चिरलेल्या कांड्यातला मऊ, ओला, लाल गाभा हातात घेतला की ते पटतं. १९०६मध्ये बंगालमधल्या उसाच्या रोगांवर लिहिताना बुरशीतज्ज्ञ बटलर यांनी ‘रेड रॉट’ हे नाव वापरलं आणि तेच जगभर टिकलं. बुरशीचं शास्त्रीय नाव ‘कॉलेटोट्रिकम फाल्काटम’. फाल्काटम म्हणजे विळ्यासारखं वाकडं. तिचे बीजाणू भिंगाखाली तसे दिसतात. ऊसतोडणीत नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात अशा मुलखात हे लॅटिन नाव समजावून सांगायला वेळ लागत नाही.

पण या रंगाचं याहून फार जुनं नाव आहे, आणि ते शोधताना मला खरोखर आनंद झाला होता. पाली विनयपिटकात, चुल्लवग्गात, भिक्षुणीसंघ स्थापन होण्याच्या प्रसंगात एक उपमा येते. उपमा स्त्रियांना संघात घेण्याला लावली आहे, आणि ते आज वाचताना बोचतं. पण त्यातली शेती खरी आहे. पिकलेल्या भातशेतावर एक रोग पडतो, तशी भरलेल्या उसाच्या शेतावर ‘मंजिट्ठिका’ नावाची रोगजात पडते आणि मग ते शेत फार काळ टिकत नाही. मंजिट्ठिका म्हणजे मंजिष्ठेच्या रंगाची. मंजिष्ठेच्या मुळ्यांनी पूर्वी कापड तांबडं रंगवत. भाषांतरकार पुष्कळदा याचा अर्थ तांबेरा करतात. मला तो पटत नाही. तांबेरा पानांवर येतो आणि पिवळट तपकिरी असतो. पाली अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, या रोगाचा अर्थ ऊस आतून लाल होणे असा दिला आहे, आणि आतून लाल होणं हे कुजीचं लक्षण आहे. त्या मजकुरात उसाला शब्द आहे ‘उच्छु’. संस्कृत इक्षु, पाली-प्राकृत उच्छु, मराठी ऊस. हिंदीने त्याच इक्षूपासून ‘ईख’ केला, आपण ओठ पुढे काढून ‘ऊस’ केला. म्हणजे आपला ऊस आणि त्याचा लाल रोग एकाच वाक्यात इतक्या जुन्या काळापासून शेजारी उभे आहेत.

हा लाल रंग बुरशीचा असावा असं कुणालाही वाटेल. तसं नाही. तो बहुतांशी उसाचा स्वतःचा आहे. बुरशी पेशीत शिरली की ऊस आपला कारभार बदलतो. फेनॉल वर्गातली रसायनं भराभर बनू लागतात, पेशींच्या भिंतींत लिग्निन भरलं जातं, बुरशीची भिंत कुरतडणारी कायटिनेजसारखी विकरं तयार होतात. आणि त्यातच ल्युटिओलिनिडिन, एपिजेनिनिडिन अशी लाल-नारिंगी रंगद्रव्यं बनतात, जी बुरशीला विषारी असतात. हीच रंगद्रव्यं ज्वारीतही आहेत. ज्वारीच्या पानावर रोगाचा डाग पडला की त्याभोवती लालसर-जांभळी कड उमटते, ती याच कुळातली. ऊस आणि ज्वारी ही जवळची भावंडं, दोघांनी एकच हत्यार बाळगलं आहे. फरक वेळेचा. प्रतिकारक जातीत ही रसायनं लवकर आणि बुरशीच्या अगदी जवळ बनतात, डाग तिथेच कोंडला जातो. बळी पडणाऱ्या जातीत रंग उशिरा येतो, पसरतो, आणि तोवर बुरशी पुढच्या पेरात गेलेली असते.

वनस्पतींच्या अशा संरक्षक रसायनांना ‘फायटोॲलेक्सिन’ म्हणतात. म्युलर आणि ब्योर्गर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९४०मध्ये बटाट्याच्या रोगाचा अभ्यास करताना हा शब्द घडवला. फायटॉन म्हणजे वनस्पती. ॲलेक्सेन हे ग्रीक क्रियापद, अर्थ संकट परतवणे, राखणे. अलेक्झांडर या नावातही तेच आहे, माणसांना राखणारा. आणि हे ग्रीक क्रियापद संस्कृत ‘रक्ष्’ धातूचं सख्खं नातेवाईक आहे. रक्ष्-पासून आपलं राखणे, राखण, राखणदार. म्हणजे प्रयोगशाळेतला तो अवघड शब्द मराठीत सरळ ‘पिकाची राखण’ असा येतो, आणि तो अर्थ ओढूनताणून आणलेला नाही, रक्ताच्या नात्याने आलेला आहे. रात्री मचाणावर बसून ज्वारी राखणारा माणूस आणि पेशीत उमटलेला तो लाल ठिपका एकाच धातूची रूपं आहेत.

महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात लाल कुजीपेक्षा जास्त बोललं जातं ते काणीबद्दल. नाव पूर्ण घ्यायचं तर ‘चाबूक काणी’. दक्षिण आफ्रिकेतल्या नटालमध्ये १८७७ साली या रोगाची पहिली नोंद झाली, पण ‘काणी’ हा आपला शब्द उसावर आला तो ज्वारीवरून. ज्वारीला काणीचे चार प्रकार शेतकरी जाणतात: दाणे काणी, मोकळी काणी, लांब काणी आणि झिपरी काणी. दाण्याच्या जागी काळ्या भुकटीची पिशवी होते. दाणा दिसतो, पण आत दाणा नसतो. मला हा शब्द ‘काणा’च्या घरचा वाटतो. संस्कृत ‘काण’ फक्त एकाक्ष माणसाला लावत नाहीत. ‘काणवराटक’ म्हणजे भोक पडलेली, फुटकी कवडी. जिचं आतलं सत्त्व गेलं, ती काणी. दाण्याची काणी होणं म्हणजे दाण्याचा डोळा जाणं.

आणि उसावर आल्यावर हा शब्द अधिकच खरा ठरतो. कारण उसाला डोळे असतात. पेरावरच्या कोंबाला आपण ‘डोळा’च म्हणतो, एक डोळ्याची टिपरी, दोन डोळ्यांची टिपरी, डोळा फुगला, डोळा मेला. काणीची बुरशी या डोळ्यातूनच आत शिरते. डोळ्यावरच्या खवल्यांत काही जातींत अशी द्रव्यं असतात की बीजाणू तिथे रुजतच नाहीत. तिथे राखण दारातच होते. एकदा आत गेली की बुरशी पेशी मारत नाही. ती वाढत्या शेंड्यात जाऊन बसते आणि उसाच्या वाढीच्या संप्रेरकांचा हिशोब बदलते. कांडी बारीक होते, पानं अरुंद, बुडातून गवतासारखे फुटवे येतात. साखर साठवायची ती साठवली जात नाही. आणि मग शेंड्यातून तो चाबूक निघतो.

मी तो जवळून पाहिला आहे. हातभर लांब, बोरूपेक्षा जाड, टोकाला बाकदार. कोवळा असतो तेव्हा त्यावर रुपेरी, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा असतो. वाऱ्याने तो फाटतो आणि खालून काजळ निघतं. बोट लावलं तर रेषांमध्ये बसतं, धुतल्याशिवाय जात नाही. हे सगळे बीजाणू. म्हणून जाणती माणसं चाबूक दिसला की त्यावर आधी पिशवी घालतात, मग कापतात, मग बेट मुळासकट खणून जाळतात. घाईत तसाच ओढून बांधावर टाकणारा माणूस आपल्याच रानात काणी पेरतो. काणीकडे काणाडोळा केला की खोडव्यात ती दुपटीने भेटते. चाबूक हा शब्द फारसीतून आला, घोड्याबरोबर. गाभ्यात उसाचीच ऊती आणि बाहेर बुरशीचे बीजाणू, असा हा दोघांनी मिळून घडवलेला अवयव आहे, निरोगी उसात तो कधीच नसतो.

तांबेऱ्याबद्दल थोडक्यात. इंग्रजाने पानावरच्या या पुरळात लोखंडाचा गंज पाहिला, हिंदीभाषकांनी गेरू पाहिला आणि ‘गेरुई’ म्हटलं, आपण तांबं पाहिलं. ज्या घरात पाणी तांब्याच्या हंड्यात भरतात तिथे हे नाव सुचणारच. पानाचा हिरवा रंग जातो, म्हणजे साखर बनवण्याची जागाच कमी होते.

‘पोक्का बोंग’ हे नाव मात्र शेतकऱ्याच्या तोंडात अजून परकं वाटतं. ते जावाच्या भाषेतलं आहे, अर्थ शेंडा बिघडणं. पावसाळ्यात पोंग्याची पानं आखडून, मुरगळून येतात आणि नाव न कळता रोग कळतो.

एक नाव नाकाने ठेवलेलं आहे. लागण केलेली टिपरी उगवली नाही म्हणून उकरून काढावी, चिरावी, आत गाभा आधी तांबूस आणि मग काळा पडलेला असावा, आणि वास यावा पिकलेल्या अननसाचा. हा ‘अननस रोग’. वासाचं कारण एथिल ॲसिटेट. साखर आंबून अल्कोहोल होतं, त्याचा आम्लाशी संयोग होऊन हे सुवासिक द्रव्य तयार होतं, आणि तेच कोंब फुटू देत नाही. अननस हा शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतला, पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आला. मराठी रानातल्या मेलेल्या टिपरीचं नाव असं ब्राझीलपासून चालत आलेलं आहे.

शेवटी या सगळ्याचा हिशोब एका शब्दात होतो, ‘उतारा’. शंभर किलो उसातून किती किलो साखर उतरली. केंद्र सरकारची रास्त आणि किफायतशीर किंमत सध्या १०.२५ टक्के मूळ उताऱ्यावर ठरते आणि वर-खाली झालेल्या दर ०.१ टक्क्याला फरक पडतो. उतारा कारखान्याचा सरासरी धरतात, एकेका शेताचा नाही. त्यामुळे एका रानातली उलटलेली साखर सगळ्या गावाच्या दरात मिसळते. मराठीत विषावरच्या औषधालाही उताराच म्हणतात.

त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मामांनी सुरू हंगामाच्या लागणीसाठी बेणं तोडायला घेतलं. मला शेजारी बसवलं. प्रत्येक टिपरी तोडली की ते दोन्ही कापांकडे बघायचे, नाकाजवळ न्यायचे, अंगठ्याने डोळा दाबून पाहायचे. पांढरी टिपरी डाव्या हाताला. एक टिपरी मी उचलली. डोळा टपोरा होता, वास काही नव्हता, कापावर फक्त मोहरीएवढा तांबडा ठिपका.

“ही मामा?”

मामांनी ती घेतली, उजेडाकडे धरली, आणि चुलवाणात टाकली.